दुखण्याचा पुरावा

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी बंजारा समाजाची काशी मानलं जातं. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचं मंदिर इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला विदर्भ-मराठवाड्यातल्या तांड्यांबरोबरच तेलंगणा, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातूनही लाखो माणसं इथे येतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यानंतर चारच दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं आणि त्यात वाशीमच्या महाविद्यालयाचा समावेश होता. एका वास्तूत समाजाचा इतिहास मांडलेला आहे, दुसरीत उद्याचे डॉक्टर घडणार आहेत. माझं म्हणणं असं की जुनाट वेदनेच्या बाबतीत या दोन विषयांची फारकत करता येत नाही. तांड्यावरच्या बाईची कंबर का दुखते याचं अर्धं उत्तर शरीरशास्त्रात सापडेल, पण ती दुखणारी कंबर वर्षानुवर्षं बिनउपचाराची का राहते हे समजायला तिच्या समाजाचा इतिहासच वाचावा लागतो.

वैद्यकशास्त्र तीन महिन्यांहून जास्त काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतं. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येनुसार वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक क्लेशकारक अनुभव आहे. ऊतींना झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी तो निगडित असतो, किंवा तशा इजेच्या अनुभवासारखा असतो. सोबतच्या टिपणांत आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे: एखादी व्यक्ती आपल्याला दुखतं असं सांगते तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखला गेला पाहिजे. शास्त्राने हे मुद्दाम लिहून ठेवण्याची गरज पडली, कारण वेदना मोजणारं यंत्र नाही. मधुमेहाला रक्तातली साखर आहे, क्षयाला बेडका आहे, रक्तदाबाला पाऱ्याची नळी आहे. कंबरदुखीला काय आहे? आपल्याकडे लोक एक्स-रे आणि एमआरआय पुढे करतात, ‘मणक्यात गॅप आहे’ हे निदान गावोगाव तोंडपाठ झालेलं आहे. पण 1994 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या 98 माणसांचे एमआरआय तपासले, तेव्हा त्यातल्या 64 टक्के माणसांच्या किमान एका चकतीत काही ना काही दोष सापडला. याच्या उलट, फोटो अगदी स्वच्छ असूनही ज्यांना उठता-बसता येत नाही अशी माणसंही असंख्य आहेत. म्हणजे दुखण्याचा खरा पुरावा एकच, आणि तो म्हणजे दुखणाऱ्याचा शब्द.

आता प्रश्न असा येतो की कुणाच्या शब्दाला किती किंमत आहे. बंजारा हा मुळात वाहतूकदार समाज. मुघल फौजांना आणि पुढे कंपनीच्या फौजांना धान्य पुरवणारे, मीठ-धान्याचे हजारो बैल घेऊन दख्खन ओलांडणारे हे लोक. त्यांचा व्यवहार शब्दावर चाले. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, पक्क्या सडका आल्या, मिठावर सरकारी पकड घट्ट झाली आणि हा व्यवसाय काही दशकांत बसला. त्याच सुमारास, 1871 साली, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. या कायद्याने ज्या जमातींना गाठलं त्यांच्या माणसांची नोंदणी झाली, अंगठे घेतले गेले, हजेरी लागली, परवान्याशिवाय हद्द ओलांडायला बंदी आली. जन्मानेच संशयित ठरवण्याची ही पद्धत 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द होईपर्यंत चालू होती, आणि महाराष्ट्रातल्या ज्या जमाती त्या दिवशी ‘विमुक्त’ झाल्या त्यांच्या यादीत बंजारा आहेत. कायदा रद्द झाला, मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पोलीसपाटलापासून दुकानदारापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यातली नोंदवही तशीच राहिली. ज्या समाजाला ‘मी काल रात्री घरीच होतो’ एवढं साधं विधानही दुसऱ्याच्या साक्षीशिवाय सिद्ध करता येत नव्हतं, त्या समाजातला माणूस दवाखान्यात जाऊन ‘मला दुखतं’ म्हणतो. हे विधान तर कुणाच्याच साक्षीने सिद्ध होत नाही.

वंचित समूहांच्या वेदनेवर अविश्वास दाखवला जातो ही निव्वळ तक्रार नाही, त्याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात 2016 साली वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर यांच्यासमोर काही विधानं ठेवली गेली. कृष्णवर्णीयांची कातडी गोऱ्यांपेक्षा जाड असते, त्यांच्या मज्जातंतूंच्या टोकांची संवेदना कमी असते, अशा धर्तीची. साधारण निम्म्या जणांनी यांतलं किमान एक खोटं विधान खरं मानलं. जे असं मानत होते त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी जोखली आणि उपचारही कमी योग्य सुचवले. हे शिकलेले, परीक्षा उत्तीर्ण झालेले लोक होते, आणि त्यांच्या मनात द्वेष होता असंही नाही. आपल्याकडे असं मोजमाप जातीच्या अंगाने फारसं कुणी केलेलं नाही. मात्र ‘ह्या लोकांना सवय असते’, ‘ही माणसं काटक असतात’ ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. त्यात वेळेचा प्रश्न मिसळा. 67 देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींची लांबी तपासणारा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतातली भेट सरासरी दोन मिनिटांच्या आसपास भरली. दोन मिनिटांत ताप सांगता येतो. दहा वर्षांची कंबरदुखी सांगायची तर कधी सुरू झाली, कशाने वाढते, रात्री झोप लागते का, घरी पाणी कोण भरतं, कामावर जावं लागतं का, हे सगळं यायला हवं. घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या, मराठी कामापुरती येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला त्या दोन मिनिटांत ‘लय दुखतंय’ एवढंच म्हणता येतं, आणि तेवढ्यावर तिला वेदनाशामक गोळ्यांची पुडी मिळते.

अविश्वासाची बाजू अशी आहे. ओझ्याची बाजू वेगळी पाहायला हवी, कारण दुखणं तयार कुठे होतं हे त्यातून दिसतं. पोहरादेवीच्या भोवतालचा मानोरा, दिग्रस, पुसदचा टापू मुख्यतः कोरडवाहू आहे. कापूस, सोयाबीन, तूर. सुगी सरली की तांड्यावर काम उरत नाही, आणि माणसं वीटभट्टीला, बांधकामावर, ऊसतोडीला बाहेर पडतात. ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि यात्रेच्या सुमारास, चैत्रात, संपत येतो. या कामाचा हिशेब ‘कोयत्या’वर चालतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, जोडीच्या नावावर मिळते, त्यामुळे एकाने बसायचं म्हटलं तर दोघांचं काम अडतं. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्यात जास्त असते. म्हणजे दर उसाला कमरेतून पूर्ण वाकायचं, एका हाताने ऊस धरायचा, दुसऱ्याने घाव घालायचा, शेंडा छाटायचा, पाचट काढायचं. मग मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि वाहनाला लावलेल्या अरुंद फळीवरून ती वर चढवायची. मोळी बहुतेकदा बाई वाहते. वाहन रात्री आलं तर रात्री भरायचं. उजाडायच्या आत स्वयंपाक, पाणी आणि पोरांचं उरकून पुन्हा फडात जायचं. एखादा दिवस गैरहजर राहिलं की ‘खाडा’ पडतो आणि उचलीतून दंड वजा होतो. वाकणं, पिळ देणं आणि वजन उचलणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मणक्यावर सर्वात जास्त ताण येतो, हे कामाच्या आरोग्यावरच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. फडात या तिन्ही गोष्टी दिवसभर एकत्र असतात आणि त्यात चौथी मिळते, ती म्हणजे थांबण्याची मनाई.

या मनाईतून काय निपजतं ते बीड जिल्ह्याने दाखवून दिलं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात आहेत, अशा बातम्या 2019 च्या उन्हाळ्यात आल्या. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. हे प्रमाण जवळपास 17 टक्के भरतं. त्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होतं. बीडच्या ऊसतोड कामगारांत बंजारा आहेत, वंजारी आहेत, दलित आहेत. त्यांना एकत्र आणते ती गरिबी, आणि गावगाड्याच्या उतरंडीतली त्यांची जागा. या बायका दवाखान्यात आल्या त्या ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, पाळीत कंबर धरते, या तक्रारी घेऊन. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, अशा परिस्थितीतली ही दुखणी. त्यांवर औषधोपचार होते, विश्रांती हा उपाय होता, स्वच्छता हा उपाय होता. पण यातलं काहीच बाईच्या हातात नव्हतं. शस्त्रक्रिया मात्र होती: एकदा करायची, दुखणं आणि पाळी दोन्ही संपतील, कर्करोगाची भीतीही जाईल, असं सांगितलं गेलं. पुढे काय झालं? पिशवीबरोबर अंडाशयही निघालं की तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, सांधे आणि पाठ जास्त दुखतात. मूळ दुखणं ज्या कामाने आलं ते काम चालूच राहतं. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी सक्तीची झाली. पुढे 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या प्रकरणात केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. या आदेशांमुळे शस्त्रक्रियेला चाप बसेल. ज्या दुखण्यापायी बाई टेबलावर झोपायला तयार झाली, त्याची दखल या आदेशांत नाही.

मला या प्रकरणातली सर्वात गंभीर गोष्ट वाटते ती ही की आपल्या व्यवस्थेने या बायकांचा शब्द पहिल्यांदा खरा मानला तो अवयव काढण्यापुरता. कापता येईल ते दुखणं खरं, न कापता येणारं दुखणं मनाचं, अशी ही विभागणी आहे. विमा योजनांची घडणही तशीच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या उपचारांचे आणि शस्त्रक्रियांचे पैसे देते. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जाऊन पाठीचे व्यायाम शिकायचे तर त्याला पैसा नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मंजूर पदांत फिजिओथेरपिस्टच नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 ने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. दीर्घकालीन वेदना हा स्वतंत्र प्रकार त्यात नाही. रोजगार हमीच्या कामावर मजुरी खोदलेल्या मातीच्या मापाने ठरते, तेव्हा ज्याची कंबर चालत नाही त्याच्या हातात कमी पैसे पडतात, मग तो तितकाच वेळ राबला असला तरी. खासगी दवाखान्यात सुई मिळते. त्यात बहुधा डायक्लोफिनॅक असतं, कधी स्टिरॉइड. दोन दिवस बरं वाटतं आणि माणूस पुन्हा फडात उतरतो. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारने 2006 साली बंदी आणली, कारण औषध दिलेल्या जनावरांची प्रेतं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. माणसाचं शरीर ते औषध पचवू शकतं हे खरं. पण उन्हात पाण्यावाचून घाम गाळणाऱ्या आणि महिनोन्महिने तीच गोळी घेणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडालाही धोका असतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. कष्टाचं काम करणाऱ्या प्रत्येकाचं अंग दुखतं, त्यात जात आणि वंचितपणा कशाला आणायचा? कुणबी शेतकऱ्याची कंबर दुखत नाही का, हमालाची दुखत नाही का? दुखते, नक्की दुखते. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: दुखणं सुरू होणं आणि दुखणं मुरणं. ताज्या कंबरदुखीचे बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. ती कुणाची मुरते हे पाहिलं तर फक्त कामाचं वजन पुरेसं उत्तर देत नाही. कामावर आपला किती ताबा आहे, चार दिवस हलकं काम मागता येतं का, झोप पुरेशी मिळते का, उद्याची शाश्वती आहे का, मनावर किती दडपण आहे, याही गोष्टी ठरवतात. 1983 साली मज्जाशास्त्रज्ञ क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं की सतत येणाऱ्या वेदनेच्या संदेशांनी मज्जारज्जूतल्या पेशी अधिकाधिक संवेदनशील होत जातात; मग जी हालचाल एरवी दुखली नसती तीही दुखू लागते, आणि मूळ जखम भरली तरी दुखणं राहतं. अपुरी झोप आणि दीर्घकाळची चिंता याच यंत्रणेत तेल ओततात. स्वतःच्या शेतात राबणारा अल्पभूधारक दुपारी बांधावर पडू शकतो, निदान तेवढं त्याच्या हातात असतं. उचल घेतलेल्या जोडीला ते शक्य नाही. घरापासून शेकडो किलोमीटर दूर, पाचटाच्या कोपीत, परक्या गावाच्या संशयी नजरेखाली झोपणाऱ्या बाईला गाढ झोप कशी लागावी? तिच्या मज्जासंस्थेला शांत होण्याची संधीच मिळत नाही. वंचितपणा शरीरात शिरतो तो या वाटेने.

यावर दुसरा आक्षेप लगेच निघतो: मग हे सगळं मानसिकच झालं की! चिंतेने वाढतं, झोपेने कमी होतं, म्हणजे दुखणं डोक्यात आहे. या आक्षेपाने आजवर फार नुकसान केलं आहे. चिंता वेदना वाढवते याचा अर्थ वेदना कल्पित आहे असा होत नाही. चिंतेने रक्तदाबही वाढतो, त्याला कुणी कल्पित म्हणत नाही. वेदनासंशोधक मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धान्तापासून शास्त्र हेच सांगत आलं आहे की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच वाढवला किंवा दाबला जातो, आणि मेंदूकडून खाली येणारे आदेश त्यात सहभागी असतात. भीती, अपमान आणि असहायता हे त्या आदेशांचे भाग आहेत, म्हणजेच शरीराचे भाग आहेत. ‘मानसिक आहे’ असं सांगून रुग्णाला परत पाठवणारा डॉक्टर शास्त्राच्या नावाने शास्त्राविरुद्ध बोलत असतो.

काटकपणाचा आक्षेप तर कौतुकाच्या रूपात येतो. ही माणसं सोशिक आहेत, त्यांना आपल्याइतकं दुखत नाही. याचं उत्तर महाराष्ट्रातच, विदर्भातच, साडेतीन दशकांपूर्वी मिळालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी कधीही स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तक्रार बोलून दाखवणाऱ्या मात्र निम्म्याहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजे बाई बोलली नाही म्हणून दुखणं नव्हतं असं मुळीच नाही. विचारणारं कुणी नव्हतं, सांगून उपयोग नव्हता, आणि अंगावर काढणं हाच घरातल्या बाईचा धर्म मानला गेला होता. सोसणं हा गुण म्हणून गौरवला गेला की उपचार न देण्याची सोय होते. बंजारा बाईच्या काटकपणाचं, तिच्या वेशभूषेचं आणि तिच्या गाण्यांचं कौतुक करताना ही सोय आपण करून घेत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

कामचुकारपणाचा संशय मुकादम घेतो, घरातला पुरुष घेतो, आणि कधी कधी डॉक्टरही घेतो. दुखण्याचं सोंग करून फायदा उपटायचा, तर तो फायदा कोणता? पगारी रजा नाही, भरपाई नाही, निवृत्तिवेतन नाही. उलट खाडा आहे, अंगावर उचल आहे, आणि पुढच्या हंगामात मुकादम ‘ही जोडी नको’ म्हणेल ही भीती आहे. सोंग करायचंच झालं तर ही बाई दुखत नसल्याचं करते. आणि ती तेच करत आली आहे.

राजकीय आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्या समाजाने वसंतराव नाईकांसारखा 1963 ते 1975 अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्य करणारा मुख्यमंत्री दिला, पुढे सुधाकरराव नाईक दिले, ज्याच्या तीर्थक्षेत्रासाठी सरकार मोठा निधी देतं, तो समाज वंचित कसा? नाईकांची कारकीर्द मोठी होती. दुष्काळात रोजगार हमीची पायाभरणी त्यांच्याच काळात झाली. त्या घराण्याचं पुसद-गहुली पोहरादेवीपासून फार दूरही नाही. पण प्रतिनिधित्व मुंबईत मिळालं म्हणजे ते तांड्यावरच्या उपकेंद्रात पोहोचलं असं होत नाही. 2018 साली केंद्राच्या नीती आयोगाने महाराष्ट्रातले जे चार आकांक्षित जिल्हे निवडले त्यात नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादबरोबर वाशीम होता, आणि या निवडीत आरोग्य हा एक मुख्य निकष होता. मुख्यमंत्री होण्याने समाजाची मान उंचावते, मतदारसंघ बांधला जातो, शाळा उभ्या राहतात. डोक्यावरची मोळी त्याने उतरत नाही.

यातून एक अवघड प्रश्न पुढे येतो, मोजणीचा. मी इथे बंजारा स्त्रियांच्या वेदनेचा आकडा दिलेला नाही, कारण आपल्या पाहण्यांच्या रचनेत त्याला जागाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास आणि उरलेले अशी वर्गवारी करते. महाराष्ट्रातल्या विमुक्त जाती या मोजणीत इतर मागासांमध्ये मिसळतात. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. एकाच तांड्यातून निघालेल्या दोन बहिणींची दुखणी सीमेच्या दोन बाजूंना दोन रकान्यांत नोंदली जातात, आणि बंजारा समाज म्हणून ती कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत. केंद्राने नेमलेल्या रेणके आयोगाने 2008 साली आणि त्यानंतर दहा वर्षांनी इदाते आयोगाने विमुक्त-भटक्यांची नीट मोजणी व्हावी असा आग्रह धरला होता. आरक्षणाच्या कुठल्या यादीत हा समाज असावा याबद्दल मतभेद राहतील. दुखणं स्वतंत्र मोजण्याला मात्र कुठल्याच बाजूचा विरोध असण्याचं कारण नाही. येत्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. तिच्या आधारे आरोग्य पाहण्यांत विमुक्तांचा वेगळा रकाना आणि किमान एक प्रश्न जुनाट वेदनेचा, एवढं आरोग्य खात्याला सहज करता येईल.

उपचारांबद्दलही हातपाय गाळून बसण्याचं कारण नाही. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत रुग्णाला आजार समजावून सांगणं, व्यायाम आणि काही शारीरिक व मानसिक उपचार यांवर भर आहे. महाग यंत्रं नाहीत, अफूजन्य औषधं टाळा असाच सल्ला आहे. म्हणजे लागतं ते मनुष्यबळ आणि वेळ. विदर्भातच बंग दांपत्याच्या सर्च संस्थेने द स्पाइन फाउंडेशनच्या मदतीने गडचिरोलीत ग्रामीण पाठदुखीसाठी दवाखाना आणि अभ्यास दोन्ही उभे केले आहेत, तेव्हा हे खेड्यात होत नाही असं म्हणता येणार नाही. मात्र सल्ला माणसाच्या जगण्याला लागू पडायला हवा. ‘वाकू नका, वजन उचलू नका, आराम करा’ असं ऊसतोड कामगाराच्या कागदावर लिहिणं म्हणजे त्याला हाकलून देणंच झालं. त्याऐवजी मोळी किती किलोची बांधावी यावर मर्यादा, फळीऐवजी मोळी चढवण्याची साधी सोय, आजारपणाच्या दिवसाला खाडा नाही असा करारातला स्पष्ट शब्द, आणि फडावर फिरता दवाखाना, हे खरे उपचार आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, साखर कारखान्यांशी मजुरीचे करार होतात. त्या करारांत टनामागच्या दराइतकीच शरीराचीही कलमं घालता येतात, आणि ती घालून घेणं संघटनांचं काम आहे.

वाशीमच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून माझी मागणी साधी आहे. रामनवमीला पोहरादेवीत हंगाम संपवून आलेली हजारो शरीरं एकाच ठिकाणी भेटतात, तीही चार राज्यांतली. तिथे यात्रेच्या दिवसांत पाठ, सांधे आणि ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यांचा तपासणी कक्ष उभा करावा. गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यातल्या आशाताई आणि परिचारिका तिथे दुभाष्या म्हणून असाव्यात, विद्यार्थ्यांनी प्रत्येक रुग्णाला निदान वीस मिनिटं द्यावीत, आणि त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. जागा देवस्थानाच्या विश्वस्तांनी द्यावी, सतरंज्या आणि पाणी तांड्यांचे नाईक-कारभारी सहज पुरवतील. ज्यांच्या हाती हा निर्णय आहे त्यांना विनंती आहे की पुढच्या रामनवमीपासूनच हा कक्ष सुरू करा.